फोनच्या काचेवर कॉर्ड कीबोर्ड: कोणी शिकावा, कोणी नको, आणि मराठीत चालतो का

प्रश्न पेडण्याहून आलाय, थोडक्यात असा: "मी मराठी पेपरला बातम्या देतो. ग्रामसभा, मोर्चे, कदंबा बसमधला प्रवास, सगळी कॉपी फोनवरच टाईप होते. कॉर्ड कीबोर्ड शिकला तर म्हणे न बघता आणि दुप्पट वेगाने टाईप होतं, शिकू का? दुसरं, माझ्या मामांची नजर डायबेटिसमुळे कमी होत चाललीय, ब्रेल त्यांना येत नाही, त्यांना याचा काही उपयोग आहे का?"

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. तुम्ही वेगासाठी शिकणार असाल तर नको, वेळ फुकट जाईल. मामांना मात्र हो, आणि जेवढं लवकर तेवढं बरं. आता असं का ते सांगतो, थोडं लांबेल, कारण मी पणजीत बसून फोनचे कीबोर्डच बनवतो आणि ज्यांना दिसत नाही अशा लोकांना फोन शिकवायचं काम त्यातूनच मागे लागलं, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं जरा कठीण असतं.

साध्या कीबोर्डवर एक कळ म्हणजे एक अक्षर. कॉर्डमध्ये कळा मोजक्याच असतात, पण एकापेक्षा जास्त एकदम दाबायच्या, आणि कुठल्या कुठल्या एकत्र दाबल्या त्यावरून अक्षर ठरतं. पाच कळांतून ३१ वेगवेगळे दाब निघतात, सहातून ६३. हा हिशोब बघूनच लोक खुळावतात, की अरे वा, सहा कळांत सगळी मुळाक्षरं बसली, मग फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर बारीक बारीक बटणं कशाला. कल्पना नवीन मुळीच नाही. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस लोकांना दाखवला, तेव्हा त्याच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा कीसेट, म्हणजे कॉर्ड कीबोर्डच. माउस जगभर गेला, कीसेट तिथेच राहिला. कारण सोपं आहे, माउस हातात घेतला की दोन मिनिटांत कळतो, कीसेट आधी पाठ करावा लागतो, आणि पाठ करायची गोष्ट विकत घ्यायला माणूस सहसा तयार नसतो.

वेगाची जी गोष्ट तुमच्या कानावर आलीय ती बहुतेक स्टेनोटाईपची असणार. अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर जे यंत्र वापरतात त्यात एका दाबात अख्खा उच्चार लिहिला जातो, आणि तिथल्या व्यावसायिक परीक्षेत साक्षीचा वेग मिनिटाला २२५ शब्द धरतात. ते खरंच आहे. पण ते यंत्र त्याच कामासाठी बनवलेलं, त्याच्या कळा खऱ्याखुऱ्या, मागे शब्दकोश, आणि त्या परीक्षेपर्यंत पोचायला लोकांची वर्षं जातात. ते आकडे उचलून फोनच्या ॲपच्या जाहिरातीत चिकटवले की वाचणाऱ्याला वाटतं आपणही पंधरा दिवसांत तसे होऊ. नाही होत.

फोनला जवळचा आकडा बघायचा तर ट्विडलरचा बघा. ट्विडलर म्हणजे एका मुठीत धरायचा बारा कळांचा कॉर्ड कीबोर्ड, जॉर्जिया टेकच्या वेअरेबल कंप्युटरवाल्या मंडळींनी त्याच्यावर २००४ च्या सुमारास बराच अभ्यास केला. साधारण २५ तासांचा सराव झाल्यावर शिकणाऱ्यांचा सरासरी वेग मिनिटाला ४७ शब्द आला, इंग्रजीत. चांगलाच आहे. आता त्याच्या बाजूला दुसरा आकडा ठेवा: २०१९ मध्ये फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झुरिकचं ईटीएच यांनी मिळून ३७ हजारांच्या वर लोकांचं फोनवरचं टायपिंग मोजलं, सरासरी आली मिनिटाला ३६, दोन्ही अंगठे वापरणाऱ्यांची ३८. म्हणजे कसलाही क्लास न लावता, बसमध्ये उभं राहून व्हॉट्सॲप करत करत माणूस ३८ ला पोचतो, आणि २५ तास घाम गाळून कॉर्डवाला ४७ ला. तेही खऱ्या कळांवर. काचेवर त्याहून कमीच. नऊ-दहा शब्दांसाठी एवढा खटाटोप करायचा का, हे तुम्हीच ठरवा.

आता काचेवर कमी का, हा यातला खरा मुद्दा आहे आणि इथे जरा थांबतो. भजनाला बसलेला पेटीवाला पट्टीकडे बघत नाही ना, डोळे मिटून वाजवतो, कारण काळी पट्टी उंच आहे आणि पांढरी खाली, दोन काळ्यांनंतर मोठी फट, मग तीन काळ्या, बोट सरकलं की बोटालाच कळतं. काचेला उंच-खोल काहीच नाही. कॉर्ड कीबोर्डची सगळी मदार 'बोटं आपापल्या कळेवर कायम बसलेली आहेत' यावर, आणि काचेवर नेमकं तेच करता येत नाही. बोट टेकलं म्हणजे दाबलं गेलं. त्यामुळे सहाच्या सहा बोटं हवेत धरून ठेवायची, पाहिजे तेवढीच खाली आणायची, परत वर. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. आणि हवेत असलेली बोटं हळूहळू सरकत जातात, तुम्हाला वाटतं मी तिथेच मारतोय, प्रत्यक्षात अर्धा इंच खाली गेलेलं असतं.

मग ॲप लिहिणाऱ्याला काय करावं लागतं? स्क्रीनवर सहा गोल काढून 'इथेच मारा' म्हणणं निरुपयोगी, कारण ज्याला बघायचंच नाही त्याला गोलांचं काय. यावर चांगलं काम २०१२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झालं, पर्किनपुट नावाने, शिरी अझेन्कोट आणि मंडळींचं. विचार असा, की आधी बोटं टेकवून घ्यायची, त्या जागा लक्षात ठेवायच्या, आणि नंतर येणारा प्रत्येक स्पर्श त्यातल्या कुठल्या बोटाचा असण्याची शक्यता जास्त ते काढायचं, शिवाय बोटं सरकतील तसतशा त्या जागाही सरकवत न्यायच्या. म्हणजे कळ बोटामागे जाते, बोटाने कळ शोधायची नाही. ही एक गोष्ट ज्या ॲपमध्ये नाही ते ॲप मी दोन मिनिटांत काढून टाकतो, तुम्हीही टाका. त्याच सुमारास जॉर्जिया टेकमध्ये ब्रेलटच झालं, त्यात फोन आडवा, स्क्रीन आपल्यापासून पलीकडे, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं मागून काचेवर, ही धरायची पद्धत होती, आणि आज आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये जो ब्रेल कीबोर्ड आहे तो धरायची पद्धत साधारण तशीच आहे.

तरीही एक भानगड उरतेच. सहाही बोटं पडली तर प्रश्न नाही, पण एकच बोट पडलं तर ते पहिलं का दुसरं? दोन पडली तर पहिलं-दुसरं का दुसरं-तिसरं? काचेवर होणाऱ्या चुकांचा मोठा गठ्ठा इथून येतो. आणि अक्षर कधी उमटवायचं हाही वेगळा वाद. सगळी बोटं उचलल्यावर उमटवलं तर सुरक्षित, पण हात बसलेला माणूस पुढचा दाब मागचं शेवटचं बोट उचलायच्या आधीच सुरू करतो आणि दोन अक्षरांची खिचडी होते. पहिलं बोट उचलल्याबरोबर उमटवलं तर वेग मिळतो, पण नवशिक्याची बोटं एकदम पडतच नाहीत, एक आधी टेकतं, दुसरं उशिरा, मधेच एखादं सुटतं, आणि अर्धवट अक्षर उमटतं. मी सुरुवातीला सगळी उचलल्यावर, आणि हात बसला की पहिलं उचलल्यावर, असं ठेवतो. सेटिंगमध्ये ही सोय नसेल तर सावकाश टाईप करणं एवढाच उपाय.

हार्डवेअरचं पण बघावं लागतं. अँड्रॉइडमध्ये पाच किंवा जास्त बोटं वेगवेगळी ओळखणाऱ्या स्क्रीनसाठी एक वेगळं फीचर नाव ठेवलेलं आहे, जॅझहँड, खरंच हेच नाव आहे. म्हणजे प्रत्येक स्क्रीन पाच बोटं घेईलच असं गृहीत धरलेलं नाही, आणि आपल्याला तर सहा पाहिजेत. बहुतेक बऱ्या फोनमध्ये दहा घेतात, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी जुना स्वस्त फोन गळ्यात मारला तर आधी तपासा. तपासायला सोपी युक्ती पुढे सांगतो.

मराठीकडे येऊ. इथे तुम्हाला कोणी नवीन 'मराठी कॉर्ड लेआउट' शिकवायला लागला तर नको म्हणा, कारण मराठीचा सहा कळांचा लेआउट १९५१ पासून तयार आहे, त्याला भारती ब्रेल म्हणतात. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांपैकी काही निवडून बनतं. जवळजवळ सगळ्या भारतीय भाषांसाठी साधारण एकच, उच्चारावर बेतलेला. आणि पर्किन्स ब्रेलर हे यंत्रही त्याच वर्षीचं, सहा ठिपक्यांना सहा कळा, एकदम दाबायच्या. म्हणजे ब्रेल टायपिंग हे मुळातच कॉर्ड टायपिंग आहे आणि जगभर शाळांतून दोन-तीन पिढ्या त्याच्यावर शिकल्यात, लोक ते विसरतात आणि कॉर्ड कीबोर्ड म्हणजे काहीतरी गॅजेटवाल्यांचं खूळ समजतात.

ठिपके असे: डाव्या हाताची तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, उजव्या हाताची तर्जनी ४, मधलं ५, अनामिका ६. आता क म्हणजे १-३. ल म्हणजे १-२-३, अख्खा डावा हात. आ म्हणजे ३-४-५, आणि काना वेगळा नाही, व्यंजनानंतर आ मारला की काना लागतो. गोवा लिहायचं तर ग १-२-४-५, ओ १-३-५, व १-२-३-६, आ ३-४-५, चार दाब. पणजी पण चारच, प १-२-३-४, ण ३-४-५-६, ज २-४-५, ई ३-५. जोडाक्षराला हलन्त आधी येतो, हे आपल्याला जरा उलटं वाटतं, ४ नंबरचा ठिपका मारायचा, मग दोन्ही व्यंजनं. म्हापसा म्हणजे ४, मग म, ह, आ, प, स, आ, सात दाब. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीवर, मोजून बघा, तिथेही सातच. म्हणजे दाब वाचत नाहीत हो, एकही वाचत नाही! फरक एवढाच की इन्स्क्रिप्टमध्ये पन्नासेक जागा आणि वर शिफ्ट, इथे सहा जागा आणि शिफ्ट नाही, म्हणून बघावं लागत नाही.

ती तपासायची युक्ती: ढ म्हणजे सहाही ठिपके एकदम. ब्रेल कीबोर्ड उघडून ढ मारा, पाच-सहा वेळा ओळीने ढ उमटला तर फोन सहा बोटं घेतोय. फोन ढ आहे की नाही हे असं ढ मारूनच कळतं.

दुसरी एक गंमत आहे आणि ती फार कामाची आहे. भारती ब्रेलमध्ये पुष्कळ अक्षरं एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. क १-३ आणि ख ४-६. ब १-२ आणि भ ४-५. ल डावा हात, ळ उजवा हात. ह आणि ज, प आणि थ, र आणि ठ, न आणि ड, इ आणि ए, सगळ्या जोड्या. त्यामुळे नवशिक्याने फोन उलट्या बाजूने धरला, डावं-उजवं बदललं, तर स्क्रीन चुकलंय म्हणून सांगत नाही, निमूटपणे दुसरीच अक्षरं देते. 'काला' लिहायला जाल आणि 'खघळघ' उमटेल. हे दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की अक्षरं चुकलीत असं समजून परत पाठांतराला बसू नका, आधी फोन फिरवा. शिकवताना मी हे पहिल्याच दिवशी मुद्दाम करून दाखवतो, नाहीतर बिचारा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आता कोणी म्हणेल मराठी अक्षर म्हणजे व्यंजन अधिक मात्रा, तर दोन्ही एका दाबात का नाही? रास्त प्रश्न आहे आणि माझा सगळ्यात आवडता. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा स्वरचक्र कीबोर्ड बघितला असेल, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं आणि बोट तसं सरकवायचं, बाराखडी डोक्यात ठेवून केलेलं डिझाइन. तेच कॉर्डमध्ये आणायचं तर डावा हात व्यंजन, उजवा हात मात्रा. हिशोब करून बघू. व्यंजनं क्ष, ज्ञ, ळ धरून ३६. डाव्या हाताच्या पाच बोटांत ३१ दाब, म्हणजे बसत नाहीत. पण क-ख, ग-घ अशा दहा जोड्यांत फरक फक्त महाप्राणाचा, म्हणजे सोबतच्या ह-काराचा, तो उजव्या अंगठ्याला दिला की डाव्या हाताला २६ च उरतात, आरामात बसतात. उजव्याची उरलेली चार बोटं म्हणजे १५ दाब, त्यात सगळ्या मात्रा, ॲ आणि ऑ, वर हलन्त, आणि काहीच न दाबलं तर नुसता अ. गोवा दोन दाबांत, पणजी तीन, म्हापसा चार. कागदावर बघितलं की जीव हरखतो.

टॅबलेट टेबलावर सपाट ठेवून मी हा लेआउट चालवून बघितलाय आणि चालतो, पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे दहा बोटं आणि दोन तळवे, सहा-साडेसहा इंचाच्या फोनवर त्यांना जागाच नाही, म्हणजे हा फोनचा कीबोर्डच नव्हे. दुसरं, तळव्याची कड टेकली की तोही स्पर्श, आणि अनामिका नि करंगळी एकमेकींशिवाय सहज खाली येत नाहीत, हाताची रचनाच तशी आहे. खऱ्या कळांवर थोडा जोर कमी-जास्त करून निभावतं, काच जोर बघत नाही, स्पर्श झाला म्हणजे झाला. त्यामुळे मराठी स्टेनोटाईप कोणी बनवलं तर मला आनंदच आहे, पण ते कळांवर बनवा.

गोव्यात राहून हे वापरायचं तर आणखी तीन-चार गोष्टी. मे महिन्यात बोटं घामाने ओली असतात, ओल्या बोटाचा स्पर्श पसरतो, शेजारची दोन बोटं स्क्रीनला एकच वाटतात, आणि ब चा अ होतो. पावसात तर बोलायलाच नको, थेंब पडला की तोही स्पर्श. रिबंदर-चोडण फेरीबोटीत उभं राहून दोन्ही हातांनी फोन उलटा धरलाय आणि कठड्याला धरायला हातच नाही, हे डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो, ती सोय आधी बंद करा, नाहीतर गॅलरीत शेकडो स्क्रीनशॉट आणि वाक्यात भोकं. कडेवरून बोट आत सरकलं की 'मागे' जातं, त्यासाठी जेश्चरऐवजी खाली तीन बटणांचं नेव्हिगेशन लावा. जाड कव्हर असेल तर ठेवा, मागून धरताना पकड चांगली बसते.

तर तुमचं, पत्रकाराचं. एक तर आयफोनचा ब्रेल कीबोर्ड व्हॉइसओव्हर चालू असेल तरच चालतो, अँड्रॉइडचा टॉकबॅक चालू असेल तर. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयी. स्क्रीन रीडर चालू केला की सगळ्या फोनचं वागणं बदलतं, एका स्पर्शाने नुसतं नाव वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टकटक, सरकवायला दोन किंवा तीन बोटं. दिसणाऱ्या माणसाला दिवसभर हे सोसवत नाही, मी स्वतः फक्त तपासणीपुरतं चालू करतो. तुम्हाला खरं दुखणं वेगाचं नाहीच आहे, ग्रामसभेत समोर कोण उठून काय बोललं ते बघायचं असतं आणि मान फोनमध्ये अडकलेली असते, हे आहे ना? मग घडीचा साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, मांडीवर ठेवा, इन्स्क्रिप्टचा हात बसवा, कळा खऱ्या असल्यामुळे बघावं लागत नाही. एकटे असाल तर बोलून टाईप करा, हल्ली मराठी बरंच नीट उमटतं, पण रविवारच्या ग्रामसभेच्या गोंगाटात ते बिचारं काय ऐकणार.

हां, एका बाबतीत कॉर्डची बाजू घेईन. आपल्या बातम्यांत कोमुनिदाद, मुंडकार, भाटकार, खाजन, रेजेदोर असले शब्द पदोपदी, आणि शब्द सुचवणारे कीबोर्ड त्यांची वाट लावतात, अंदाज करून भलतंच घालतात. अक्षर-अक्षर टाईप केलं की हा त्रास नाही. पण तेही इन्स्क्रिप्टमध्ये मिळतंच, त्यासाठी सहा बोटं नाचवायची गरज नाही. तरी हौस म्हणून शिकायचंच असेल तर शिका, माझी ना नाही, फक्त डेडलाईनच्या दिवशी नको.

आता मामा. इथे मात्र मी अगदी आग्रहाने सांगतो. २०२३ मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे आले त्यात डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, त्यामुळे तुमच्या मामांसारखी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. अशांना घरचे लोक म्हणतात, या वयात ब्रेल कसला शिकतोय. त्यांचं अर्धं बरोबर आहे. साठीनंतर उठलेले ठिपके बोटाने वाचायला शिकणं कठीण, आणि डायबेटिसने बोटांच्या टोकांची संवेदना कमी झाली असेल तर त्याहून कठीण. पण ब्रेल टाईप करणं वेगळं! तिथे बोटाला काही वाचायचं नाही, फक्त कुठलं बोट खाली आणायचं एवढंच. वाचायचं काम फोनचा आवाज करतो. हे दोन भाग वेगळे करता येतात हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, शिकवणाऱ्यांच्याही नाही.

आणि लवकर का म्हणतो, तर थोडं दिसतंय तोवर अक्षरं स्क्रीनवर मोठी करून बघता येतात, कुठलं बोट कुठे ते डोळ्यांनी पडताळता येतं, धीर राहतो. नजर पूर्ण गेल्यावर फोन, आवाज आणि ब्रेल तिन्ही एकदम शिकायची वेळ आली की माणूस कंटाळून फोनच ठेवून देतो.

सुरुवात स्क्रीन पलीकडे करून नको, फोन टेबलावर सपाट ठेवा, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे तशी सोय आहे. आयफोनमध्ये ब्रेल स्क्रीन इनपुट २०१४ पासून आहे, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून, दोन्ही फुकट, वेगळं ॲप विकत घ्यायचं नाही. ब्रेलच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे का ते आधी बघा, नसेल तर फोन अपडेट करून परत बघा, तरी नसेल तर हिंदी लावून सराव सुरू करा, व्यंजनं-स्वर भारती ब्रेलचेच आहेत, हात तोच बसतो. पहिले काही दिवस फक्त डावा हात, अ १, ब १-२, ल १-२-३, क १-३. एवढ्यात कल, बल, बकल होतात. मग आ आणा, म्हणजे काका, बाबा, लाल, काला. मग ई आणि ओ. बाराखडीच्या क्रमाने शिकवू नका, दुसऱ्याच अक्षराला दोन्ही हात अडकतात. रोज पंधरा मिनिटं पुरे, अर्धा तास बसवलंत तर बोटं दुखतात आणि दुसऱ्या दिवशी बसायला नको म्हणतात. आणि सराव म्हणून सराव नको, पहिल्या आठवड्यापासून कोणाला तरी खरा मेसेज जाऊ दे, 'काका आला' का असेना. उत्तर आलं की माणूस आपणहून बसतो.

मामांना फोनवर बोलून मेसेज पाठवता येतो मग हे कशाला, असंही घरातलं कोणीतरी विचारेल. डॉक्टरचं बिल, पैशांचं, जमिनीच्या भांडणाचं काही लिहायचं असेल तर ते सगळ्या घराला ऐकवत बोलायचं का? ब्रेलने टाईप करताना ओठ हलत नाहीत आणि कानात इयरफोन लावला तर शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. एकाच कानात लावा, दुसरा मोकळा ठेवा, रस्त्यात असताना तर नक्कीच.

बँकेच्या ॲपचं मात्र आधीच सांगून ठेवतो. पिन टाकायला पुष्कळ बँकांची ॲप्स स्वतःचा आकड्यांचा कीबोर्ड उघडतात, तिथे बाहेरचा कुठलाच कीबोर्ड चालत नाही, ब्रेलचा पण नाही. तिथे काचेवर बोट फिरवत आकडे ऐकून शोधावे लागतात, ते वेगळं शिकवावं लागेल, आणि ते शिकवताना खात्यात थोडेच पैसे ठेवा.